कळविण्यात येते की…

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वर्धा जिल्ह्यातील एका खेड्याहून साठीकडे झुकलेली एक विधवा शेतकरीण आमच्या ओसरीवर येऊन बसली. पदराची गाठ सोडून तिने चार घड्या घातलेला एक कागद आमच्यापुढे ठेवला आणि विचारले, "मास्तर, हे कोर्टाचं हाय का जी?" कागद कोर्टाचा नव्हता. एका सरकारी कचेरीतून आलेली ती साधी नोटीस होती. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून आम्ही निवृत्त झालो. ज्ञानेश्वरीपासून चिपळूणकरांच्या निबंधमालेपर्यंत मराठी गद्यपद्य आम्ही मुलांस उलगडून दाखविले. परंतु तो दहा ओळींचा कागद आम्हांस तीनदा वाचावा लागला. आणि तिसऱ्या वाचनानंतरही एका गोष्टीचा उलगडा झाला नाही तो नाहीच: त्या बाईने नेमके करावयाचे काय, आणि कोणत्या दिवसापर्यंत?

नावगाव वगळून व चार शब्द इकडचे तिकडे करून त्या नोटिशीचा थाट वाचकांपुढे ठेवतो. "उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, संदर्भाधीन वर्दीच्या अनुषंगाने अधिकार अभिलेखातील प्रस्तावित नोंदीबाबत हितसंबंधित व्यक्तींचे काही आक्षेप असल्यास ते विहित मुदतीत पुराव्यानिशी सादर करण्यात यावेत, अन्यथा सदर प्रकरणी आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून नियमोचित कार्यवाही अनुसरण्यात येईल, याची नोंद घ्यावी." या सर्व शब्दसंभाराचा अर्थ एवढाच होता: "तुमच्या शेताच्या सातबाऱ्यावर तुमच्या दिराने आपले नाव लावण्यासाठी अर्ज दिला आहे. तुमची हरकत असेल तर अमुक तारखेच्या आत ती तलाठ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. हरकत आली नाही तर नाव लागेल." वाक्ये तीन. त्यांत त्या बाईस न कळण्यासारखा एकही शब्द नाही. 'हरकत', 'अर्ज', 'पोच', 'सातबारा' हे शब्द तर तिच्या रोजच्या बोलण्यातले.

बाई आमच्याकडे आली तो अठरावा दिवस होता. हरकतीची मुदत होती पंधरा दिवसांची. मधल्या काळात तिने तो कागद गावच्या दुकानदारास दाखविला, बारावी पास झालेल्या पुतण्यास दाखविला. दोघांनीही "सरकारी हाय, ठेवून द्या" असे सांगितले. तिने तो ठेवून दिला. नोंद प्रमाणित झाली. आता अपिलाच्या तारखा, वकिलाची फी, एस्. टी.चे भाडे आणि बुडालेला रोज, हे सारे त्या एका न समजलेल्या वाक्याचे व्याज ती फेडीत आहे. कचेरीच्या दप्तरात मात्र सर्व काही यथास्थित आहे: नोटीस मराठीत होती, ती बजावली गेली, अंगठ्याचा ठसा समासात आहे.

प्रस्तुत लेखात आम्हांस एकच गोष्ट म्हणावयाची आहे, आणि ती आम्ही आरंभीच स्पष्ट म्हणून टाकतो. जी नोटीस जिला पाठविली तिला समजू शकत नाही, ती नोटीस बजावली गेलीच नाही, असे कायद्याने मानले पाहिजे. भाषा मराठी आहे एवढ्याने सरकारची जबाबदारी संपत नाही. मराठी भाषेच्या व्याकरणानेच हा न्याय आधी देऊन ठेवला आहे. 'कळणे' या धातूचे प्रयोजक रूप 'कळविणे'. मूल बसले नाही तर त्याला बसविले असे आपण म्हणत नाही. दिवा विझला नाही तर तो विझविला असे म्हणत नाही. मग माणसाला कळलेच नाही, तर त्याला 'कळविले' कसे? "कळविण्यात येते की" या आठ अक्षरी मंगलाचरणाने आरंभ होणारे असंख्य कागद रोज कचेऱ्यांतून निघतात आणि त्यांतील कित्येक पहिल्याच क्रियापदाशी बेइमानी करतात. शिवाय 'येते' हे क्रियापद तरी कोणाचे? कळविणारा कोण, निर्णय घेणारा कोण, उद्या जाब विचारावयाचा तर तो कोणाला, यांपैकी काहीच त्या वाक्यात नाही. कर्ता पडद्याआड आणि कर्म तेवढे वाचकाच्या कपाळी, अशी ही वाक्यरचना आहे.

हा न्याय आम्ही नवीनच काढीत आहो असेही नाही. 1962 साली 'हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिबंधक स्थानबद्धतेसंबंधी असाच निर्णय दिला आहे. स्थानबद्धास अटकेची कारणे इंग्रजीत दिली होती; त्यास हिंदी येत होते. कारणे तोंडी समजावून सांगितली होती हा बचाव न्यायालयाने मानला नाही. राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदात कारणे 'कळविण्याची' जी आज्ञा आहे, तिचा अर्थ माणसास समजेल अशा भाषेत व लिपीत ती देणे, असे न्यायालयाने ठरविले आणि तो स्थानबद्ध सुटला. देहाचे स्वातंत्र्य जाते तेव्हा जर कळविणे म्हणजे समजावणे असेल, तर जमीन जाते तेव्हा ते नुसते टपाल टाकणे कसे ठरते?

वर्धा जिल्ह्याने राज्यकारभाराच्या भाषा पुष्कळ पाहिल्या आहेत. नागपूरकर भोसल्यांचे दप्तर मोडी मराठीत होते. ते राज्य इंग्रजांनी खालसा केले, 1862 साली वर्धा हा निराळा जिल्हा झाला, आणि वरच्या कचेऱ्यांत इंग्रजी येऊन बसली. स्वातंत्र्यानंतर, 1950 साली, त्या वेळच्या मध्यप्रदेशाने कायदा करून हिंदी व मराठी या दोन्हींस राजभाषेचा मान दिला. 1956 साली जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आला, आणि 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची भाषा झाली. 1998 साली कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरविण्यात आली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. प्रत्येक टप्प्याला मिरवणूक निघाली, हारतुरे झाले, आणि ते योग्यच झाले. परंतु या दीड शतकाच्या प्रवासात ज्याच्या नावाने ही सर्व स्थित्यंतरे घडली, त्या शेतकऱ्याला आलेला कागद त्याला एकट्याला वाचता येतो की नाही, हा प्रश्न कोणत्या मिरवणुकीत विचारला गेला? 1883 साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा कागद करणाऱ्यांच्या हाती अडाणी शेतकरी कसा नागवला जातो हे त्यांनी दाखविले होते. त्या वेळी कागद न समजण्याचे कारण शेतकऱ्याची निरक्षरता होय, असे म्हणता येत होते. आज बारावी पास पुतण्यालाही तो समजत नाही. तेव्हा आता दोष वाचणाऱ्याचा नसून लिहिणाऱ्याचा आहे.

हा रोग कोठून आला हे शोधू गेल्यास वर्ध्याहून फार लांब जावे लागत नाही. 1946 च्या सुमारास डॉ. रघुवीर लाहोरहून नागपुरास आले. संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या साहाय्याने राज्यकारभाराचे व शास्त्रांचे हजारो नवे शब्द घडविण्याचा उद्योग त्यांनी तेथे मांडला. त्या माणसाच्या विद्वत्तेबद्दल व तपश्चर्येबद्दल आमच्या मनात आदरच आहे. याच काळात नागपुरापासून जेमतेम 75 किलोमीटरवर वर्ध्यात अगदी उलट दिशेचा विचार चालू होता. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेने मातृभाषा हेच शिक्षणाचे माध्यम असावे असा ठराव केला. 1942 साली येथेच हिंदुस्तानी प्रचार सभा निघाली. आणि बाजारात, शेतात जी भाषा चालते तीच देशाच्या कारभारात चालावी, या आग्रहापायी गांधींनी 1945 साली हिंदी साहित्य संमेलनाचा राजीनामा दिला. शब्द व्युत्पत्तीने शुद्ध असावा असे एक मत होते; शब्द ऐकणाऱ्यास कळावा असे दुसरे. पुढे कचेऱ्यांनी कोणते मत उचलले हे सांगण्याची आवश्यकता नाही. सेवाग्रामात गांधींचे पुतळे उभे राहिले आणि तालुक्याच्या टेबलांवर नागपुरी घडणीचे शब्द जाऊन बसले.

तथापि सगळा दोष शब्दांच्या माथी मारणे हा उथळपणा होईल. 1962 साली 'पदनाम कोश' निघाला, तेव्हा 'बदनाम कोश' म्हणून त्याची थट्टा झाली. परंतु त्यातीलच कितीतरी पदनामे आज कोणासही खटकत नाहीत. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून आलेले 'दिनांक', 'महापौर', 'हुतात्मा' हे शब्द मराठीने पचविले. माधव जूलियनांनी 1938 साली 'भाषाशुद्धिविवेक' लिहून ज्या अतिरेकाविरुद्ध इशारा दिला होता, तो अतिरेक आणि ती चळवळ या दोहोंतून भाषेने आपल्याला हवे तेवढे घेतले. शब्द नवा म्हणून वाईट नसतो आणि फारशी म्हणून परका नसतो. वाईट असतो तो कामाचा चालता शब्द काढून टाकून त्याच्या जागी बसविलेला रिकामा शब्द. आमच्याकडे ज्याला लोक आजही 'पटवारी' म्हणतात, त्याचा सरकारने 'तलाठी' केला. 2024 साली तलाठ्याचा 'ग्राम महसूल अधिकारी' झाला. माणूस तोच, दप्तर तेच, फेरफारही तोच. लोकांना मात्र एका कामासाठी तीन नावे शिकावी लागली.

शब्दाहूनही अधिक घातक आहे ते वाक्य, आणि वाक्याहूनही अधिक घातक आहे त्यामागची वृत्ती. सरकारी कागद वाचणाऱ्यासाठी लिहिलेलाच नसतो. तो वरिष्ठासाठी, लेखापरीक्षकासाठी आणि उद्याच्या चौकशीसाठी लिहिलेला असतो. म्हणून त्यात आधी सात संदर्भ, मग पाच अधिनियम, मग 'यास्तव', आणि शेवटच्या ओळीत, चुकून राहिल्यासारखे, शेतकऱ्याने करावयाचे काम. या वृत्तीचा एक अस्सल नमुना पीकविम्याच्या कागदांत सापडतो. 2016 साली प्रधानमंत्री पीकविमा योजना सुरू झाली. गारपिटीने किंवा शेतात पाणी साचून पीक गेले तर 72 तासांच्या आत विमा कंपनीस कळविले पाहिजे, असा त्या योजनेचा नियम होता. या कळविण्याला आमच्या सरकारी मराठीत नाव काय मिळाले? 'पूर्वसूचना'! गारा पडून गेल्या, कपाशी झोपली, सोयाबीन कुजले, आणि त्यानंतर शेतकऱ्याने द्यावयाची ती पूर्वसूचना. पूर्व म्हणजे आधी, हे ज्यास ठाऊक होते तो शेतकरी फसला. कारण नुकसानीच्या आधी सूचना देणे त्याच्या हाती नव्हते आणि नंतरची सूचना पूर्वसूचना कशी, हे त्याला कोणी सांगितले नाही. 'नुकसान झाल्याचे तीन दिवसांत कळवा' असे लिहिण्यास शाई जास्त लागली असती काय?

आता कोणी म्हणेल की, हे सर्व देशांत असेच चालते. राज्य म्हटले की त्याची भाषा जड असावयाचीच. हे खरे नाही. इंग्लंडचाच इतिहास पाहावा. तेथील न्यायालयांत एके काळी फ्रेंच चाले. 1362 साली कायदा होऊन युक्तिवाद इंग्रजीत करण्याची आज्ञा झाली. लॅटिन दप्तर मात्र 1733 पर्यंत टिकून राहिले. म्हणजे राजभाषा लोकांची करण्यास त्या देशास जवळजवळ चार शतके लागली. आणि तरीही काम पुरे झाले नाही. सर्व कागद इंग्रजीत आले, पण इंग्रज माणसाला ते समजेनात. अखेर 1948 साली तेथील अर्थखात्याच्याच सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी साध्या शब्दांवर सरकारी नोकरांसाठी पुस्तक लिहिले. 1979 साली ख्रिसी मेहर या बाईंनी, ज्यांना स्वतःला लहानपणी शाळा फारशी लाभली नव्हती, सरकारी अर्जांचे ढीग पार्लमेंटसमोरच्या चौकात आणून त्यांच्या चिंध्या केल्या आणि सोप्या इंग्रजीची मोहीम उभारली. आम्हांस यातून जो बोध घ्यावयाचा तो हा: परकी भाषा घालविणे ही पहिली पायरी, आणि आपल्या भाषेतील परकेपणा घालविणे ही दुसरी. आम्ही पहिल्या पायरीवर उभे राहून जयजयकार करीत आहो.

स्वीडन या देशाने 2009 साली भाषेचा कायदा केला आणि त्यात सरकारी भाषा नेटकी, साधी व समजण्याजोगी असली पाहिजे असे कलमच घातले. त्याच्या कितीतरी आधीपासून तेथे कायद्यांचे मसुदे कायदेपंडितांबरोबर भाषातज्ज्ञही तपासीत आले आहेत. जपानात 1995 साली कोबे शहरी मोठा भूकंप झाला. तेथे राहणाऱ्या परदेशी लोकांना धोक्याच्या सूचना इंग्रजीतही कळल्या नाहीत आणि जड जपानीतही कळल्या नाहीत. त्या अनुभवातून 'सोपी जपानी' या नावाची निराळी लेखनपद्धतीच तेथील अभ्यासकांनी घडविली. अमेरिकेने 2010 साली सुबोध लेखनाचा कायदा केला. परंतु तो मोडल्यास न्यायालयात दाद मागता येणार नाही असेही त्यातच लिहून ठेवले, म्हणजे दात काढून वाघ पाळला. त्याच देशातील न्यूयॉर्क राज्य अधिक शहाणे. तेथे 1978 पासून अमलात असलेल्या कायद्याप्रमाणे सामान्य ग्राहकाशी केलेला करार साध्या भाषेत नसेल तर ग्राहकास भरपाई मागता येते. 2023 साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने सुबोध भाषेचे मानकही प्रसिद्ध केले. त्याचे सार असे की, वाचणाऱ्याला हवे ते सापडावे, सापडलेले समजावे आणि समजलेले वापरता यावे. वर सांगितलेली नोटीस या तिन्ही कसोट्यांवर आपटते.

परंतु हा धडा घेण्यास स्टॉकहोमला किंवा न्यूयॉर्कला जाण्याची तरी काय गरज? वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूर आहे. महानुभावांच्या या स्थानी आता मराठी भाषेचे विद्यापीठही झाले आहे. चक्रधरांच्या मागे पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांना केशवराजाने ग्रंथरचना संस्कृतात करण्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी नकार दिला. कारण त्यामुळे पंथातील साध्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकल्या असत्या. सातशे वर्षांपूर्वी एका आचार्याने भाषेची कसोटी ठरविली ती पंडिताची नव्हे, म्हातारीची. विनोबांच्या 'गीताई'ची कथाही हीच. मूळ संस्कृत गीता आईला कळेना; मराठी भाषांतर आणून दिले तेही तिला अवघड गेले; तूच का करीत नाहीस, असे तिने मुलाला विचारले. आई 1918 साली गेली. तिचा शब्द 1930–31 च्या हिवाळ्यात वर्ध्यास पुरा झाला आणि ग्रंथाच्या नावात 'आई' येऊन बसली. गीतेतील तत्त्वज्ञान सोपे करता येते, मग फेरफाराची नोटीस सोपी करता येत नाही, असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या विषयाची खोली एकदा मोजून पाहावी.

आमच्या मताविरुद्ध तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, कायद्याला काटेकोरपणा लागतो आणि सोप्या भाषेत तो राहत नाही. हा आक्षेप घेणाऱ्यांनी 1860 च्या भारतीय दंडसंहितेकडे पाहावे. तिच्या कलमांखाली 'अ'ने 'ब'ची वस्तू उचलली, अशा घरगुती उदाहरणांनी कायदा समजावून दिला होता आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ न्यायालयांनी ती संहिता वापरली. त्या उदाहरणांनी कायदा ढिला झाल्याचे कोणी म्हटले नाही. उलट 'विहित मुदतीत' या शब्दांत काटेकोरपणा कोणता? तारीख लिहिली की काटेकोरपणा. 'विहित' म्हटले की लपवाछपवी. दुसरा आक्षेप असा की, सोपेपणाच्या नादात भाषा दरिद्री होईल. साहित्याची भाषा आणि नोटिशीची भाषा यांत हे लोक गल्लत करतात. हा लेखच पाहा: तो काही बाळबोध भाषेत लिहिलेला नाही, आणि त्याची आम्हांस लाजही वाटत नाही, कारण हे मासिक वाचक आपखुशीने उघडतो आणि कंटाळला तर मिटून ठेवतो. नोटीस मिटून ठेवली तर शेत जाते. जे वाचणे सक्तीचे, ते समजेल असे लिहिणेही सक्तीचे असले पाहिजे. तिसरा आक्षेप असा की, सोपी म्हणजे कोणती मराठी, पुण्याची की वऱ्हाडी? आम्ही बोलीत नोटिसा काढा असे म्हणत नाही. तीन वाक्यांची जी नोटीस वर दिली आहे ती प्रमाण मराठीतच आहे. ती सावंतवाडीसही समजेल आणि हिंगणघाटासही.

कायद्याने आजही भाषेचा विचार केला आहे, परंतु अर्धवट. 2013 च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावी असे म्हटले आहे आणि हरकतीसाठी 60 दिवस दिले आहेत. हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात पुस्तकी राहिलेला नाही. समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून गेला. गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत जाणारा शक्तिपीठ महामार्ग विनोबांच्या पवनारहूनच काढण्याचे योजले आहे. ज्याची जमीन रस्त्यात येते त्याला आलेला कागद स्थानिक भाषेत आहे की नाही हे तपासले जाते. तो त्याला समजला की नाही हे तपासण्याची तरतूद कोठे आहे? 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखला किती दिवसांत मिळावा हा हक्क नागरिकास दिला. कागद समजण्याचा हक्क मात्र कोणीही दिला नाही.

म्हणून आमची मागणी चार कलमांची आहे. एक: प्रत्येक नोटिशीच्या पहिल्या तीन ओळींत काय घडले आहे, वाचणाऱ्याने काय करावयाचे, कोणत्या तारखेपर्यंत, कोठे, आणि न केल्यास काय होईल, एवढे लिहिलेच पाहिजे, कलमे व संदर्भ खाली खुशाल द्यावेत. दोन: नोटिशीचा किंवा अर्जाचा कोणताही नमुना छापण्यापूर्वी तो ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि पाच गावकऱ्यांनी तो आपल्या शब्दांत परत सांगावा, तो त्यांना सांगता आला नाही तर नमुना कचेरीत परत जावा. तीन: नोटिशीखाली 'सक्षम प्राधिकारी' न लिहिता माणसाचे नाव लिहावे आणि समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य असावे. चार, आणि सर्वांत महत्त्वाचे: ज्या नोटिशीत यांपैकी पहिले कलम पाळलेले नाही, तिची मुदत सुरूच होत नाही, असे राजभाषा अधिनियमात घालावे. पहिली तीन कलमे उपदेशाची आहेत आणि उपदेश फायलीत राहतो. चौथे कलम आले की पहिली तीन आपोआप पाळली जातील; कारण ज्या दिवशी दुर्बोध वाक्याचा तोटा शेतकऱ्याऐवजी कचेरीस होऊ लागेल, त्या दिवशी कचेरीस सोपे लिहिता येऊ लागेल. आमचे हे अधिकारी घरी मुलाला पत्र लिहितात तेव्हा 'उपरोक्त विषयान्वये' असे लिहीत नाहीत. त्यांना मराठी येते.

वर्ध्यास गोपुरीत 1980 साली गीताई मंदिर झाले. त्याला भिंती नाहीत, छप्परही नाही. दगडांच्या उभ्या शिळांवर गीताईचे श्लोक कोरलेले आहेत. ऊन, पाऊस अंगावर घेत त्या शिळा उभ्या आहेत, आणि जेमतेम अक्षरे लावणारी बाईही त्यांच्यापुढे उभी राहून बोट फिरवीत वाचते. आमच्या ओसरीवर आलेली ती शेतकरीण तेथे जाऊन आलेली आहे. चार श्लोक तिला पाठही आहेत. अपिलाच्या पुढल्या तारखेची नोटीस तिला नुकतीच आली. ती घेऊन ती पुन्हा आमच्याकडेच आली. या खेपेस मात्र पहिल्याच दिवशी आली.